इंजिनाचं कपाळ

“गुरुजी, आता तरी इंजिनाचं नाव सांगा. उजैर बाहेर उभा हाय,” हरीश म्हणाला.

सकाळचे नऊ वाजत होते. बाराला पाहुणे जेवायला येणार होते. माणिकरावांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती आणि वसमतच्या जुन्या स्टेशनामागच्या त्यांच्या घरासमोर मांडव पडला होता. माणिकरावांच्या खुर्चीमागे लावायचा फ्लेक्स उजैरने छापून आणला होता, पण त्यावर एका ओळीत जागा मोकळी होती. ‘सन १९५२. आठ वर्षांचे माणिकराव, .......... या निजामकालीन इंजिनात.’ ती टिंबं भरून द्यायचं काम माणिकरावांच्या मुलाने, हरीशने, दीड महिन्यापूर्वी आपल्या आत्याच्या यजमानांवर, म्हणजे डोंगरकड्याच्या गुरुजींवर सोपवलं होतं.

गुरुजींनी मांडीवरची प्लॅस्टिकची फाइल उगाच सरळ केली. तिच्यात त्यांनी चाळीस वर्षांत जमवलेले आगगाड्यांचे फोटो होते. काही मासिकांतून कापलेले, काही कुणाकुणाकडून मागून आणलेले. चाकं मोजून, धुराड्याची उंची बघून ते इंजिन ओळखत. ओळखलेलं मात्र ते कुणाला ठामपणे सांगत नसत. त्यांचं वाक्य ‘असावं’ने संपायचं आणि तोवर ऐकणारा उठून गेलेला असायचा. स्वतः ते इंजिनात कधी चढले नव्हते. इंजिनवाल्यांच्या घरचा जावई असून नव्हते, ही गोष्ट त्यांना जरा लाजेची वाटे.

“नाव एकदम सांगता येत नाही,” ते म्हणाले. “आधी मूळ फोटो जवळून बघावा लागेल.”

“दीड महिना काय बघून राहिलते मग?”

“मोबाइलवर पाठवला होतास तो. त्यात कुंकू फार आहे.”

तेवढ्यात उजैरने मांडवात फ्लेक्स उलगडला. मध्ये फेट्यातले माणिकराव, कोपऱ्यात तो जुना फोटो आणि मागे एक भलंमोठं काळं इंजिन, त्याच्यामागे बर्फाचे डोंगर.

“हे वसमतचं स्टेशन हाय का रे?” गुरुजींच्या बायकोने, सुमनबाईंनी विचारलं.

“आत्या, मोबाइलवर स्टीम इंजिन म्हणून टाकलं. सगळ्यात भारी हेच आलं,” उजैर म्हणाला.

“या घरात येऊन मला सत्तावन वर्षं झाली,” माणिकरावांच्या बायको भिकाबाई पुरणाच्या पातेल्याकडे जाता जाता म्हणाल्या. “बर्फ पडल्यालं एकदाबी दिसलं न्हाई. मी घरात असंन तवा पडलं असंल.”

मूळ फोटो बैठकीच्या खोलीत, देवांच्या फळीखाली होता. हिंगोलीच्या फलाटाला लागलेलं इंजिन; त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून सटवाजी ड्रायव्हर, म्हणजे माणिकरावांचे आणि सुमनबाईंचे वडील; आणि वर, इंजिनाच्या खिडकीत, एक लहान पोरगं. डोक्यावर केस नाहीत, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, तोंडभर हसू. तो माणिकराव. हे या घरात सगळ्यांना पाठ होतं. उजैरच्या आजोबांनी, कय्युममियाँनी काढलेला हा फोटो सटवाजींना निवृत्तीच्या दिवशी भेट मिळाला होता. मागे तारीख नव्हती.

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधून वसमतला सामान आणताना फोटोची काच फुटली होती. ती पुन्हा बसवायचं राहून गेलं. आणि दर दसऱ्याला, घरोघरी हत्यारं-अवजारं पुजतात तसा, हा फोटो पुजायची रीत मात्र चालू राहिली. एक बोट गंध सटवाजींच्या कपाळाला आणि एक बोट कुंकू इंजिनाच्या कपाळाला. इंजिनाचं कपाळ कुठलं, हा प्रश्न पहिल्याच वर्षी निघाला होता. सटवाजींच्या बायकोला वाचता येत नव्हतं. इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीवर काही लिहिलेलं आहे एवढं तिला दिसलं. ती म्हणाली, ज्याच्यावर लिहिल्यालं असतं तेच कपाळ. तेव्हापासून त्या पट्टीवर, बरोबर नंबरावर, दर वर्षी कुंकवाचा एक थर चढत गेला. आता तिथे शेंगदाण्याएवढं लाल टेंगूळ झालं होतं.

“याच्या खाली नंबर आहे,” गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. “तो दिसला तर काही सांगता येईल. बहुतेक.”

“पुसा मग,” हरीश म्हणाला.

“खबरदार,” भिकाबाई दारातूनच म्हणाल्या. हाताला पुरण तसंच होतं. “आज यायच्या आयुष्याची पूजा मांडलीय आन् तुमी कुंकू पुसायला निघाले?”

“आई, ते इंजिनाचं हाय.”

“कुणाचंबी असू दे. या घरात कुंकू पुसत न्हाईत.”

*

भिकाबाईंना खरं म्हणजे तो नंबर बघायचा होता. सत्तावन वर्षं त्या एकच गोष्ट ऐकत आल्या होत्या. त्यांना दाखवायला नेलं तेव्हा, चहा यायच्या आधी, नवऱ्यामुलाने तीच गोष्ट सांगितली होती. ‘बाबांनी मला उचललं. मोठ्या चाकावर लोखंडी कमान होती, कमानीला पितळी पट्टी होती, तिच्यात माझं तोंड दाखवलं. तोंड लांबलचक दिसलं, घोड्यावाणी. मग वर घेतलं आन् शिट्टीची तार हातात देली.’ नंतर ही गोष्ट व्याह्यांना, जावयांना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून झाली होती. भिकाबाई रोज त्या फोटोसमोर उदबत्ती लावायच्या. चाकं दिसायची. कमान मात्र त्यांना कधी दिसली नव्हती. त्यांनी विचारलं नव्हतं. नवऱ्याला विचारायचे दुसरे पुष्कळ प्रश्न होते, हा मागे राहिला.

त्यांनी हात धुतले आणि विड्याचं एक पान आणलं.

“पुसायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “वाटून घ्यायचं. देवीचं नेसवल्यालं लुगडं आपण प्रसाद म्हणून घेतोच की. सुमनबाई, या इकडं. वैष्णवे, तुझ्या रंगाच्या डबीतला ब्रश आण. मऊ बघ.”

वैष्णवी, हरीशची मुलगी, ब्रश घेऊन आली. गुरुजींनी फोटो पानावर तिरका धरला. वैष्णवीने खालून आपले हात लावले. भिकाबाईंनी ब्रश फिरवला. वरचा थर सहज सुटला, खालचा खपलीसारखा निघाला. पानावर कुंकवाची लहानशी रास झाली. भिकाबाईंनी त्यातलं बोटभर आधी सुमनबाईंना लावलं, मग सुमनबाईंनी त्यांना लावलं. हरीशच्या बायकोला, पुनमला, पुऱ्या लाटता लाटता दारात बोलावून लावलं.

“इंजिनाचं कुंकू हाय,” भिकाबाई तिला म्हणाल्या. “आता नवरा टायमावर घरी येईल.”

“मामंजी आले का कधी?” पुनम म्हणाली आणि पुऱ्यांकडे पळाली.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी भिंग काढलं होतं. पट्टीवर ‘वाय पी’ ही इंजिनाची जात सांगणारी दोन इंग्रजी अक्षरं होती. त्यांच्यापुढे दोन, सहा, एक. शेवटचा आकडा कुंकवाने खाल्ला होता. त्यांनी चाकं पुन्हा मोजली, दोन बारकी, तीन मोठी, मागे एक बारकं. मग भिंग खिशात ठेवलं आणि फोटो पालथा घातला.

“काय निघालं?” हरीशने विचारलं.

“जरा पुस्तकात बघावं लागेल. पुस्तक डोंगरकड्याला आहे.”

सुमनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. सेहेचाळीस वर्षांत त्यांना एक कळलं होतं. गुरुजींना काही माहीत नसलं की ते म्हणत, असावं. माहीत असलं की म्हणत, पुस्तकात बघावं लागेल.

पण वैष्णवीने फोटो पालथा पडायच्या आधीच मोबाइलवर टिपून घेतला होता आणि ती उभ्या उभ्या काहीतरी शोधत होती.

“वाय पी,” ती म्हणाली. “हे निजामाच्या काळातलं न्हाईच. निजामाचं राज्य गेल्यावर आलं. आन् सव्वीसशेवालं तर लई उशिरा... गुरुजीआबा, हे साठ सालाच्या नंतर बांधलंय न?”

गुरुजींनी फाइलची कड नखाने खरवडली. “असावं,” ते म्हणाले.

“मग आबा तवा आठ वर्षांचे कसे?”

“कोण आठ वर्षांचं?” न्हाणीतून आलेले माणिकराव दारात उभे होते. नवं धोतर, अंगाला उटण्याचा वास, डोक्यावर फेटा अजून बांधायचा होता.

*

माणिकरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते खुर्चीत बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “दाजी, तुमी इंजिनात कोळशाचं एक फावडं तरी टाकलंय का?”

“नाही.”

“इंजिनाचा वास घेतलाय?”

“फलाटावरून घेतला असेल. नक्की आठवत नाही.”

“मी आत बसलोय. शिट्टी वाजवलीय. तुमी पोथीतली चाकं मोजून मला सांगून राहिले की मी तिथं नव्हतो?”

“मी तसं काही म्हणालो नाही,” गुरुजी म्हणाले. हे खरं होतं.

“आबांची गोष्टच बराबर हाय,” हरीश वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. “आकडा धुपलाय. सव्वीस कशावरून, सोळा असंल. उजैर, तू निजामकालीनच ठेव.”

“टिंबं पण ठेवू का?” उजैरने विचारलं.

“आबांच्या गोष्टीत कमान हाय,” वैष्णवी म्हणाली. “फोटोत दाखवा न.”

“तू गप. तुला कुणी विचारलं?” हरीश म्हणाला.

“मी विचारते,” भिकाबाई म्हणाल्या. त्या पदर खोचून बरोबर नवऱ्यासमोर, जमिनीवर बसल्या. “कमान कुठं हाय?”

माणिकराव बायकोकडे बघत राहिले. हरीश उलटला असता तर त्यांनी समजून घेतलं असतं, पोरं उलटतात. ही उलटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बावीस वर्षांचे असताना ते इंजिनावर लागण्यासाठी रेल्वेच्या डॉक्टरपुढे उभे राहिले होते. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि ठिपक्यांतला आकडा वाचायला सांगितला. त्यांना आकडा दिसला नाही. पुढच्या पानावरही दिसला नाही. लाल आणि हिरवा त्यांना वेगळा कळत नव्हता, हे त्या दिवशी कळलं. सटवाजी ड्रायव्हरच्या पोराला सिग्नल कळत नव्हता. त्यांना तिकीट खिडकीत बसवण्यात आलं आणि छत्तीस वर्षं ते तिथे बसले. गाडी आली की मान खाली घालून ते तिकिटांचे गठ्ठे लावत. इंजिनाकडे मुद्दाम बघत नसत. बघायचं तर घरी फोटो होता. त्यात ते आत होते. तेवढा एक फोटो होता म्हणून गावात लोक त्यांना तिकीटवाले न म्हणता इंजिनवाले म्हणत आणि ते ओ देत.

“आणा तो इकडं,” ते म्हणाले.

गुरुजींनी फोटो दिला. वैष्णवीने मोबाइलवर खिडकीचा भाग मोठा करून बाजूला धरला. माणिकरावांनी आधी चाकं बघितली. वर सरळ लोखंडी पट्टी होती. कमान नव्हती. मग त्यांनी खिडकीतलं पोरगं बघितलं. इतकी वर्षं ते त्याच्याकडे आरशात बघावं तसं बघत आले होते, आणि आरशात कुणी आपला सदरा बघत नाही.

“याच्या मनगटात काहीतरी हाय,” वैष्णवी हळू म्हणाली. “बांगडी हाय का?”

“कडं असंल,” हरीश म्हणाला.

माणिकराव सदरा बघत होते. पट्ट्यांचा तो सदरा त्यांचाच होता. ते नक्की. पण खांद्यावर ठिगळ होतं, आडव्या पट्ट्यांना उभ्या पट्ट्यांचं. ते ठिगळ त्यांनी कधी घातलेलं नव्हतं. सदरा आखूड झाल्यावर मायने तो पेटीत ठेवला होता. ठिगळ नंतरचं. कुणाला तरी घालायला काढला तेव्हाचं.

“सुमे,” ते म्हणाले.

सुमनबाई काहीच न ऐकल्यासारख्या पानावरचं उरलेलं कुंकू गोळा करत होत्या.

“सुमे, टायफाइड झाला तवा तुझे केस उतरवले होते न?”

*

“व्हय,” सुमनबाई म्हणाल्या.

उजैर कुणालाही उद्देशून नसल्यासारखा म्हणाला, “मी बाहेर थांबू का?” आणि जागचा हलला नाही.

“मी नऊ वर्षांची होते,” सुमनबाई म्हणाल्या. “दुखण्यातून उठले तर हवापालटाला हिंगोलीच्या मावशीकडं धाडायचं ठरलं. मायनं मला बाबांच्या हवाली केलं, म्हणली, बाईमाणसांच्या डब्यात बसवा. बाबांनी पूर्णेला बसवलंबी. गाडी सुटायच्या आधी परत आले आन् उचलून इंजिनात नेलं. टकलू होते, तुझा सदरा होता, कोण म्हणतंय पोरगी हाय? वसमतला त्यायनी फावड्यावर वांगं भाजून देलं. मी तितकं ग्वाड वांगं पुन्हा कधी खाल्लं न्हाई.”

“मी करते त्याला काय झालं?” भिकाबाई सवयीने म्हणाल्या.

“हिंगोलीला कय्युममियाँ फलाटावर काळं फडकं डोक्यावर घेऊन उभे होते. त्यायनी काढला. बाबा म्हणले, मायला सांगू नको. सांगितलं तर मला घरात घेणार न्हाई. मी न्हाई सांगितलं.”

“पण फोटो घरी आला तवा?” माणिकरावांनी विचारलं. “तवा तर सांगायचं.”

सुमनबाई पानाची घडी घालू लागल्या. सटवाजी निवृत्त झाले तो महिना त्यांना नीट आठवत होता. डोळ्यांच्या तपासणीला जाऊन आलेला दादा तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवायला उठायचा आणि पुन्हा पडायचा. हार-तुऱ्यांच्या पिशवीत बाबांनी तो फोटो आणला. माय त्याच्याकडे वाकून बघत म्हणाली, आगं बया, माझं माणिक! दादा उठून बसला. फोटो हातात घेतला आणि म्हणाला, व्हय, मी बसलो होतो की. बाबांनी नेलं होतं मला. आणि हसला. बाबांनी फोटोवरून मान वर करून सुमीकडे बघितलं आणि मिशीवरून एक बोट फिरवलं. हिंगोलीला ‘मायला सांगू नको’ म्हणताना फिरवलं होतं, तसंच.

“तू हसला होता, दादा,” सुमनबाई एवढंच म्हणाल्या.

माणिकरावांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी फोटो मांडीवर ठेवला.

“म्हणजे तुमी दोघं मिळून माझी कीव करत होते,” ते म्हणाले.

“कीव काहून? बाबांना तुझी शिट्टी आठवत होती. त्यायनीच मला सांगितलं होतं की माणिकला नेलं होतं एकदा. लहान होता तवा. त्याचा फोटो कुणी काढला न्हाई एवढंच.”

“फोटो न्हाई म्हणजे गोष्टबी न्हाई,” माणिकराव म्हणाले. “एक्क्याऐंशी वर्षं झाली. बारा वाजता अख्खं गाव येऊन राहिलंय. त्यायला काय सांगू? तिकीट विकलं म्हणून?” त्यांनी फेट्याचं कापड उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. “हरीश, तो फ्लेक्स गुंडाळून ठेव. मी काय त्या खुर्चीत बसत न्हाई.”

*

त्यानंतर जे झालं ते गुरुजींच्या स्वभावाला धरून नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपण उठून जावं, अंगणात उजैरबरोबर उभं राहावं. नंबर आपण वाचला, पोरीला ‘असावं’ म्हणालो, आणि एका माणसाचं आयुष्य मोडलं. पण दीड महिना त्यांना त्रास देत असलेली एक गोष्ट अजून सुटली नव्हती, आणि ते खुर्ची ओढून माणिकरावांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

“दादा, ती कमान,” ते म्हणाले. “मोठ्या चाकांवर होती? प्रत्येक चाकावर वेगळी की सगळ्यांना मिळून एक?”

“आता कशाला, दाजी?”

“सांगा ना.”

माणिकरावांनी डोळे मिटले. “वेगळी. एकामागं एक.”

“आणि पितळी पट्टी कमानीच्या कडेला, की मधोमध?”

“कडंला. अर्ध्या चंद्रावाणी. बाबांनी रुमालानं पुसली आन् मला दाखवलं. तोंड लांब दिसलं.”

“मोठ्या चाकांच्या मागे बारकं चाक होतं? चढायची पायरी असते तिच्या आधी?”

“न्हाई. मोठ्या चाकाला लागूनच पायरी. बाबांनी सांगितलं होतं, पाय चाकात घालू नको.”

“वर दिवा कसला होता?”

“दिवा... कंदिलाचं खोकं. बाबा म्हणले, याच्यात तेल घालावं लागतं.”

गुरुजी फाइल उलगडत होते. पानं चिकटली होती, ती सुटेनात. शेवटी त्यांनी एक कापलेलं चित्र बाहेर काढलं, तळहाताएवढं, पिवळं पडलेलं. पूर्णेच्या शेडसमोर उभं असलेलं एक जुनं इंजिन. आसपास कुणीही माणूस नाही. मोठ्या चाकांवर एकामागे एक तीन कमानी, कडेला चमकणारी पट्टी, मागे बारकं चाक नाही, धुराड्याजवळ खोक्यासारखा दिवा.

“निजामाच्या रेल्वेतली ही जुनी इंजिनं बावन्न सालापर्यंत या लाइनीवर होती,” ते म्हणाले. “पुढे मोडीत निघाली. हे चित्र मी चौऱ्याऐंशी साली कापून ठेवलं. तुम्हाला कधी दाखवलं नाही, तुम्ही इंजिनावरचे, मी काय दाखवणार? पण दादा, वाय पीला कमान नसते. ज्याने फक्त हा घरातला फोटो बघून गोष्ट रचली, त्याला कमान सुचलीच नसती. तुम्ही ज्यात बसला ते हे इंजिन आहे.”

ते थांबले. सगळे ‘असावं’ची वाट बघत होते. तो शब्द आला नाही.

माणिकरावांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. अंगठ्याने मधली कमान चाचपली, जणू कागदावर ती उठून आली असावी. मग तिच्यात तोंड दिसावं तशी मान थोडी वाकडी केली.

“घोड्यावाणी,” ते म्हणाले.

“ते अजूनबी तसंच हाय,” भिकाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. कुंकवाचा हात होता, म्हणाल्या, लागला असंल.

हरीशने घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते. “उजैर, हे चित्र टाकून नवीन छापून होईल का?”

“सव्वा तासात. पण मग मजकूर सांगा पक्का. टिंबं न्हाई चालणार आता.”

मजकुरावरून पुन्हा भांडण झालं. हरीशचं म्हणणं, आत्याचं नाव आता घालू नये, लोक प्रश्न विचारतील. वैष्णवी म्हणाली, लोकांनी विचारावं म्हणूनच घालायचं. सुमनबाई म्हणाल्या, माझं काही नको, बाबांना शब्द देलाय. गुरुजी म्हणाले, शब्द आईंना न सांगण्याचा होता, त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली. बायको त्यांच्याकडे चमकून बघत राहिली. एका सकाळीत त्यांची दोन वाक्यं ‘असावं’शिवाय झाली होती. पुनम आतून ओरडली की पुऱ्या गार होऊन राहिल्या, आधी तेवढं ठरवा. शेवटी माणिकरावच म्हणाले, “ल्ही उजैर. इंजिन पहिलं, बावन्न साल, माणिक. इंजिन दुसरं, त्रेसष्ट साल, सुमन. ड्रायव्हर दोन्हीला सटवाजी. आन् ते बर्फ काढ.”

उजैर गेला. माणिकरावांनी जुना फोटो भिंतीवर जागच्या जागी टांगला. इंजिनाच्या पट्टीवर आता नंबराचे तीन आकडे स्वच्छ दिसत होते आणि त्यांच्याभोवती फिकट गुलाबी डाग होता. भिकाबाईंनी पूजेचं ताट आणलं.

“आता कुंकू कुठं लावायचं?” त्यांनी विचारलं. “नंबर तर पुन्हा झाकायचा न्हाई म्हणता.”

माणिकरावांनी करंड्यात बोट बुडवलं. “तिथं न्हाई,” ते म्हणाले. “सुमीला लावतो. खिडकीत. साठेक वर्षं माझ्या नावावर पूजा खाल्ली न मी तिची.”

बोट फोटोजवळ गेलं. खिडकीतल्या तोंडापासून ते अर्ध्या इंचावर असेल.

“थांबा,” गुरुजी म्हणाले.

ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुनम लाटणं घेऊनच बाहेर आली. या घरात गुरुजींचा आवाज भिंतीला लागून परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

“आधी काच बसवा,” ते म्हणाले. मग कान लाल करून जरा हळू म्हणाले, “तोवर कुणी कुणाला काही लावायचं नाही.”

माणिकरावांचं बोट तसंच हवेत राहिलं. बोटावर कुंकू होतं, ते परत करंड्यात पुसणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी फोटोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि मग वळून आपल्या लाजाळू दाजींच्या कपाळावर, चष्म्याच्या बरोबर वर, ते ठसठशीत लावलं.

“मायनं सांगितलं होतं,” ते म्हणाले, “ज्याच्यावर लिहिल्यालं असतं तेच कपाळ. या घरात इंजिनाबद्दलचं सगळं तुमच्याच डोक्यात लिहिल्यालं हाय.”

आणि ते खाली बसले, फेट्याचं एक टोक गुरुजींच्या हातात दिलं आणि म्हणाले, “धरा. मला एकट्याला बांधता येत न्हाई.”